घरगुती वायरलेस राउटर : सामायिक प्रिंटर व बॅकअपसाठी निवड

इंटरनेटची एकच जोडणी घरातले फोन, लॅपटॉप आणि टीव्ही यांना तारेविना वाटून देणारे उपकरण म्हणजे घरगुती वायरलेस राउटर. काही राउटरांना यूएसबी पोर्टही असतो. त्याला प्रिंटर लावला तर घरातल्या कोणत्याही संगणकावरून छापता येते. हार्ड डिस्क लावली तर ती सगळ्यांच्या फाइलींची आणि बॅकअपची जागा होते. ही तिन्ही कामे एकत्र करणारे ठळक उदाहरण ॲपलचे. २००७ च्या एअरपोर्ट एक्स्ट्रीमला प्रिंटरबरोबर डिस्कही जोडता येऊ लागली आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या टाइम कॅप्सूलमध्ये ५०० जीबी किंवा १ टीबीची डिस्क आतच बसवलेली होती. एप्रिल २०१८ मध्ये ॲपलने राउटर बनवणे थांबवले. एसुस, टीपी-लिंक, नेटगिअर यांची यूएसबी पोर्टची मॉडेले मात्र पुढेही मिळत राहिली. २००७-०८ च्या त्या काळी घरगुती प्रिंटर सहसा केबलनेच जोडावा लागे. आता स्वस्त प्रिंटरमध्येही वायफाय असते. म्हणून तिन्ही कामांना सारखे वजन देऊन राउटर घेणे योग्य नाही. आधी तो राउटर म्हणून पारखावा, मग साठवणीसाठी आणि प्रिंटरसाठी सर्वांत शेवटी.

राउटरची पिढी खोक्यावरच्या वायफायच्या आकड्यावरून कळते. ही नावे २०१८ मध्ये सुरू झाली. २००९ चे ८०२.११एन म्हणजे वायफाय ४, त्यानंतरचे ८०२.११एसी म्हणजे वायफाय ५ आणि ८०२.११एएक्स म्हणजे वायफाय ६. नव्या खरेदीत वायफाय ६ च्या खाली जाण्याचे कारण उरलेले नाही. खोक्यावर छापलेला मोठा वेग हा सर्व बँडांच्या सैद्धांतिक वेगांची बेरीज असतो. एका लॅपटॉपला त्यातला थोडाच भाग मिळतो. २.४ गिगाहर्ट्झचा बँड लांब जातो आणि भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच आहेत : १, ६ आणि ११. सोसायटीत वर-खाली-शेजारी सगळ्यांचे राउटर याच तीन चॅनेलांत दाटी करतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आणि वेग जास्त, मात्र भिंतीपुढे तो लवकर नमतो. कोकण-गोव्यातल्या जाड चिऱ्याच्या भिंती किंवा लोखंडी सळ्या भरलेले काँक्रीट मध्ये आले की शेवटच्या खोलीपर्यंत तो पोचेलच असे नाही. अशा घरात एक महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन साधे घेऊन ते लॅन केबलने जोडावेत, हे जास्त उपयोगी पडते. बॅकअपचा विचार असेल तर लॅन पोर्ट गिगाबिटचे आहेत का, हेही पाहावे. स्वस्त मॉडेलांत ते अजूनही १०० एमबीपीएसचे असतात.

भारतात फायबरची जोडणी घेतली की कंपनीचा माणूस बहुधा राउटर असलेला डबा भिंतीवर बसवूनच जातो. त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावला की घरात दोन वेगळी नेटवर्के तयार होतात, आणि ‘प्रिंटर दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. नव्या राउटरला जोडलेला प्रिंटर जुन्या डब्याच्या वायफायवरच्या फोनला सापडत नाही, कारण फोनच्या बाजूने शोध पुढच्या नेटवर्कात शिरतच नाही. यावर दोन उपाय आहेत. कंपनीकडून जुना डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे त्यातला राउटर बंद करून, टाकून घ्यावा किंवा नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे जुन्याच नेटवर्काचे वायफाय देण्यापुरता, चालवावा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवरूनही प्रिंटर आणि डिस्क दिसत नाहीत. तिथे मात्र तो दोष नसून मुद्दाम केलेली सोय असते.

राउटरचा यूएसबी पोर्ट प्रिंटर दोन प्रकारे वाटतो. पहिल्यात राउटर स्वतःच छोटा प्रिंट सर्व्हर होतो. संगणक छपाईचा मजकूर नेटवर्कवरून, बहुधा ९१०० किंवा ५१५ क्रमांकाच्या पोर्टवर, पाठवतो आणि राउटर तो जसाच्या तसा प्रिंटरकडे ढकलतो. दुसऱ्यात कंपनीचे सॉफ्टवेअर संगणकावर घालावे लागते आणि प्रिंटर जणू त्याच संगणकाला केबलने लावला आहे असे ते भासवते. या पद्धतीत एका वेळी एकाच संगणकाला प्रिंटर मिळतो. मात्र ऑल-इन-वन यंत्रावरून स्कॅन करायचे असेल तर बहुधा हीच लागते. पहिल्या पद्धतीत माहिती मुख्यतः एकाच दिशेने जात असल्याने स्कॅनिंग होत नाही आणि शाई किती उरली हेही अनेकदा दिसत नाही. फोनवरून थेट छपाईही दोन्हींत सहसा होत नाही, कारण त्यासाठी एअरप्रिंट किंवा मोप्रिया या फोनवरून छापण्याच्या पद्धती समजणारे यंत्र समोर असावे लागते.

खरी अडचण येते ती जुन्या, स्वस्त लेझर प्रिंटरांची. भारतातल्या घरांत, दुकानांत आणि झेरॉक्सवाल्यांकडे वर्षानुवर्षे चाललेला एचपी लेझरजेट १०२० घ्या. आपले फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, तो कायमचे साठवून ठेवत नाही. प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकातला ड्रायव्हर ते त्याच्यात भरतो आणि मगच तो छापू लागतो. राउटरला हे फर्मवेअर भरता येत नसेल तर प्रिंटरचा दिवा लागतो, काम रांगेत दिसते, पण कागद हलत नाही. कॅननचा एलबीपी २९०० सुद्धा पान तयार करण्याचे काम संगणकातल्या स्वतःच्या खास ड्रायव्हरवरच टाकतो. असा प्रिंटर घरात असेल तर राउटर कंपनीच्या चालणाऱ्या प्रिंटरांच्या यादीत नेमके मॉडेल शोधल्याशिवाय पैसे देऊ नयेत. यादीत नाव नसेल तर जुना संगणक किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक प्रिंटरशेजारी ठेवून त्यावरून छपाई वाटणे जास्त भरवशाचे. रोज छापणाऱ्या घराने तर वायफाय असलेला नवा प्रिंटरच घ्यावा. त्याला राउटरच्या यूएसबी पोर्टची गरजच पडत नाही.

साठवणीच्या बाबतीत वेग कुठे अडतो हे आधी समजून घ्यावे. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून सेकंदाला फार तर ११-१२ एमबी जातात. म्हणजे २०० जीबीचे फोटो-व्हिडिओ उतरवायला पाच तास लागतात. गिगाबिट पोर्ट, यूएसबी ३ आणि बऱ्या ताकदीचा प्रोसेसर असेल तर तेच काम पाऊण-एक तासात होऊ शकते. पहिला बॅकअप लॅन केबल लावूनच घ्यावा. त्यानंतर रोजचा थोडाथोडा बदल वायफायवरून आरामात जातो. यूएसबी ३ ची एक खोड आहे. त्याच्या केबलीतून आणि डिस्कमधून होणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या बँडात सांडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. डिस्क लावल्यावर वायफाय मंदावले तर ती अर्धा मीटर लांब, चांगल्या आवरणाच्या केबलीने ठेवावी किंवा सेटिंगमधून पोर्ट यूएसबी २ वर आणावा.

डिस्कचे फॉरमॅटही पाहावे लागते. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे ते बॅकअपला निरुपयोगी. एनटीएफएस बहुतेक राउटर वाचतात. पण लिहितातही का आणि कोणत्या वेगाने, हे मॉडेलनुसार बदलते. मॅक असेल तर राउटरला टाइम मशीन ही मॅकची बॅकअपची पद्धत येते का, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले हवे. विंडोजसाठी एसएमबी या फाइली वाटण्याच्या प्रोटोकॉलची आवृत्ती महत्त्वाची. मे २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्याने जुन्या एसएमबी १ मधली भगदाडे जगासमोर आली आणि त्याच वर्षी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते आपोआप मिळणे बंद करत आणले. काही जुने राउटर एवढाच प्रोटोकॉल जाणतात. त्यांच्यासाठी संगणकात एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, राउटर बदलावा.

राउटरला लावलेली डिस्क ही बॅकअपची एक प्रत आहे, संपूर्ण बॅकअप नव्हे. सगळे फोटो लॅपटॉपवरून काढून फक्त तिच्यावर ठेवले तर ती मूळ प्रतच झाली आणि बॅकअप उरलाच नाही. छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम घरालाही लागू पडतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. संगणकात रॅन्समवेअर शिरले तर ड्राइव्ह म्हणून कायम जोडलेली राउटरवरची डिस्कही ते कुलूपबंद करू शकते. त्यामुळे दुसरी डिस्क महिन्यातून एकदा जोडून, प्रत घेऊन, काढून कपाटात ठेवावी, आणि निवडक कागदपत्रे व फोटो क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे असावेत.

डिस्क घराबाहेरून उघडण्याची सोय बंदच ठेवलेली बरी. फेब्रुवारी २०१४ मध्ये एसुसच्या राउटरांमधल्या त्रुटींचा फायदा घेऊन हॅकर १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या डिस्कांपर्यंत पोचले होते. फाइली वाटण्याच्या तयार सेटिंगमध्ये पासवर्डाविना सर्वांना प्रवेश, हाही त्यातला एक दोष होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी कंपनीवर ठपका ठेवला आणि २०१६ च्या समझोत्यात तिला २० वर्षे स्वतंत्र तपासणीखाली राहणे बंधनकारक केले. राउटर कोणत्याही कंपनीचा असो, पहिल्याच दिवशी त्याचा मूळ पासवर्ड बदलावा, डिस्कला वेगळे नाव-पासवर्ड द्यावा, एफटीपी, बाहेरून प्रवेश आणि डब्ल्यूपीएस बंद करावे आणि वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावे. घेण्यापूर्वी कंपनी त्या मॉडेलला फर्मवेअरची सुधारणा किती वर्षे देते, हे पाहावे. दोन पोर्ट जास्त असण्यापेक्षा ही गोष्ट मोलाची आहे.

विजेचा प्रश्न तर जिथे लाइट वरचेवर जाते तिथे निवडीइतकाच मोठा. लिहिणे चालू असताना वीज गेली तर डिस्कवरची बॅकअपची फाइल बिघडू शकते. राउटरसाठी मिळणारे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस घेताना डिस्कचाही भार धरावा. १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या ॲडॉप्टरमध्ये एकूण १२ वॉट असतात, आणि डिस्क फिरू लागताना त्यातले ५ वॉट तीच मागू शकते. मग राउटर मध्येच रिस्टार्ट होतो किंवा डिस्क टिकटिक करत नाहीशी होते. स्वतःचा ॲडॉप्टर असलेली डिस्क किंवा वीज देणारा यूएसबी हब यावर उत्तर आहे, मात्र तेही यूपीएसवर हवेत.

एखाद-दोन लॅपटॉप, अधूनमधून छपाई आणि काहीशे जीबी फाइली असलेल्या घराला यूएसबी ३ पोर्टचा मध्यम किमतीचा राउटर पुरतो. चार-पाच जणांचे फोन, टीबीत मोजावे लागणारे व्हिडिओ किंवा व्यवसायाचे हिशेब असतील तर साधा चांगला राउटर आणि स्वतंत्र दोन डिस्कांचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचे साठवणीचे उपकरण, घ्यावा. राउटर बदलला तरी साठवण तशीच राहते. नॅसमधल्या आरशासारख्या दोन डिस्का एक बंद पडली तरी काम चालू ठेवतात, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते, म्हणून बाहेरची प्रत तिथेही लागतेच. घेतलेले उपकरण परत करण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करून पाहाव्यात : घरातल्या प्रत्येक संगणकावरून एक पान छापणे, ५ जीबीची एक फाइल डिस्कवर टाकून वेळ मोजणे, आणि बॅकअपमधून एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर परत आणून त्यातल्या फाइली उघडतात की नाही हे तपासणे.