घटिका भरली हे कळवायचे कसे?

मराठीत काळाच्या दोन मापांना दोन भांड्यांची नावे आहेत. घटिका हे नाव आले मोजणाऱ्या भांड्यावरून. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, म्हणजे घटिकापात्र, पाण्यावर ठेवायची. ती २४ मिनिटांत भरून बुडाली की एक घटिका झाली. तास हे नाव मात्र कळवणाऱ्या भांड्याचे. तास म्हणजे टोला देण्याची जाड धातूची थाळी. वाटीने काय मोजले हे गावाला थाळीच्या आवाजावरून कळे, आणि लोकांनी त्या आवाजालाच काळाचे माप मानले. कालमापनाचा इतिहास आपण एरवी अचूकतेचा इतिहास म्हणून लिहितो: पाणी, लंबक, स्फटिक, अणू. माझे म्हणणे असे की त्याच्या जोडीने कळवण्याचाही एक इतिहास चालत आला आहे. मोजलेला काळ कोणत्या रूपात बाहेर पडावा हे प्रत्येक युगात ऐकणारा पाहूनच ठरले, आणि आजचे अभियंते स्फटिक-दोलकाचे आउटपुट निवडताना तोच जुना प्रश्न सोडवत असतात.

देवरूखच्या परिसराला हा प्रश्न परका नाही. मार्लेश्वर आणि साखरप्याची गिरिजादेवी यांचे लग्न दर मकरसंक्रांतीला इथे लागते, आणि लग्न म्हटले की मुहूर्त आलाच. मनगटी घड्याळे येण्यापूर्वीच्या लग्नात घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र तरंगत असे आणि जोशी त्यावर नजर ठेवून बसत. वाटी बुडाल्याचे त्यांना दिसे, मांडवाला दिसत नसे. म्हणून त्या एका क्षणाची दोन रूपे झाली. वधूवरांसाठी अंतरपाट दूर होई. मांडवाबाहेरच्या माणसांसाठी वाजंत्री वाजे. मोजमाप एकच, पण समोरासमोर उभ्या दोघांना पडदा सरकला की पुरते, शंभर हात दूर असलेल्याला सनई-चौघडाच लागतो.

यावर कोणी म्हणेल, ही नुसती वेष्टनाची गोष्ट झाली. खरी कसोटी मोजण्याची. पण वेष्टन चुकले तर उत्तम मोजमापही वाया जाते, याचा पुरावा मुंबई बंदरात आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली ती खगोलवेध आणि वेळ यांसाठी. शहराला वेळ कळवायला तोफेचा बार पुरतो. जहाजाला तो पुरत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३ किलोमीटरवर नांगरलेल्या गलबताला बार जवळजवळ ९ सेकंद उशिरा ऐकू येणार. जहाजावरच्या घड्याळातली, म्हणजे क्रोनोमीटरमधली, ४ सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एका कलेची चूक, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे पावणेदोन किलोमीटर. ९ सेकंदांत जहाज नकाशावर जवळपास ४ किलोमीटर सरकते! म्हणून खलाशांसाठी कालगोल होता: खांबावर चढवलेला मोठा गोळा ठरल्या क्षणी खाली पडे आणि दुर्बिणीतून तो तत्काळ दिसे. इथे घड्याळ बदललेले नाही, फक्त आवाजाच्या जागी प्रकाश आला.

कळवण्याच्या प्रश्नासारखाच मोजण्यातला तापमानाचा त्रासही जुनाच. पाणी तापले की पातळ होते. २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्याची विष्यंदिता सुमारे एक पंचमांशाने घटते, आणि बारीक भोकाची वाटी वैशाखात लवकर भरते. पोलादी लंबक अंशाला दिवसाकाठी सुमारे अर्धा सेकंद मागे पडतो. क्रोनोमीटरच्या चाकात पितळ आणि पोलाद जोडून ही चूक भरून काढली जाई. तापमान-भरपाई असलेला स्फटिक-दोलक, म्हणजे टीसीएक्सओ, हेच काम विजेने करतो: उष्णता किती आहे हे जोखून स्फटिकाला तेवढाच उलट रेटा देतो. दहा लाखांत एक भाग एवढी चूक धरली तरी वर्षाला साडेएकतीस सेकंदच होतात.

एवढी अचूकता हाती आल्यावर आउटपुट कोणतेही घेतले तर काय बिघडते, ही शंका रास्त आहे. सीमॉस प्रकारचा चौकोनी तरंग डिजिटल चिपला थेट देता येतो, म्हणून तोच सर्वत्र वापरावा असे वाटते. पण त्याच्या उभ्या कडांतून विषम पटींचे तरंग उसळतात आणि शेजारच्या जीपीएसच्या क्षीण संदेशात मिसळतात. तिथे सुमारे ०.८ व्होल्टची, डोके छाटलेली साइन लहर बरी. तिला वीज कमी लागते, मात्र ती जड भार ओढू शकत नाही आणि वाटेत कपॅसिटर मागते. संकेत लांब न्यायचा, गोंगाटातून न्यायचा, तर दोन तारांवरून उलटसुलट जाणारा एलव्हीडीएस. शिवाय आउटपुट मोजमापापासून अलिप्तही राहत नाही. जड भाराने दोलकाची वारंवारता किंचित ढळते, आणि आउटपुटचा टप्पा तापला की ज्या स्फटिकाला उष्णतेपासून सांभाळायचे तोच तापतो. घटिकापात्राचेही असेच होते. राखणदाराने आधी टोला दिला आणि मग वाटी उपसून पुन्हा पाण्यावर ठेवली, तर प्रत्येक वेळी गेलेले ५ सेकंद दिवसाच्या ६० घटिकांत ५ मिनिटे होतात. कळवण्यात गेलेला वेळ मोजण्यातून वजा होई, आणि रोज सूर्योदयाला गणती नव्याने सुरू होई म्हणून तो निभावून जाई.

मोजण्या-कळवण्याचा हा इतिहास त्या वाटीपासून सुरू होतो, म्हणून देवरूख-संगमेश्वर भागात ज्यांच्या देवघरात किंवा माळ्यावर घटिकापात्र असेल, त्यांनी ते मोडीत घालू नये. त्याचे वजन, भोकाचा व्यास, पाण्याचे तापमान आणि भरायला लागलेला वेळ एवढे तरी लिहून ठेवावे. आंबवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना हे मोजमाप एका दुपारी करता येईल.