टिकून राहणं म्हणजे इमान का?

गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, की एक विषय हमखास निघतो. "आमच्या मामंजींनी एका गिरणीत तीस वर्षं काढली. आणि आताची पोरं? आज या कंपनीत, सहा महिन्यांनी दुसरीत." त्यात पोरीनं नोकरी सोडली असेल तर मग बघायलाच नको. "हिचं कुठं टिकतच नाही," म्हणून मोकळ्या होतो आपण. आज आपण त्या गिरण्यांचाच इतिहास बघूया. म्हणजे मामंजी का टिकले आणि पोरगी का टिकत नाही, ते कळेल.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापन केली. पुढं परळ, लालबाग, वरळीकडं चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. साताऱ्याकडून, रत्नागिरीकडून माणसं कामाला गेली. जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा, डोक्यावर सावकार. कुणी हौसेनं गेलं नव्हतं.

आणि गंमत अशी की त्या काळात मालकांची तक्रार काय होती? कामगार टिकत नाहीत! पेरणी आली, सुगी आली, शिमगा आला, की गावाला पळतात. म्हणजे आज आपण पोरांना जे बोलतो, तेच आपल्या पणजोबांनी ऐकून घेतलंय.

टिकणार तरी कसे? नोकरी मुकादमाच्या हातात. गिरणीच्या दारात सकाळी बदली कामगार उभे राहायचे. मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. मुकादमाला दस्तुरी द्यावी लागायची. बायकांच्या खात्यावर नायकीण असायची, तिचाही तोच खाक्या. उद्या काम मिळेल की नाही याची खात्री नाही, तिथं इमान कुणाशी धरायचं?

ही खात्री लढून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या चळवळीमुळं 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. 1928 साली दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने संपावर होते. स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा कायदा आला. 1972 मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा आला, सलग पाच वर्षं नोकरी केली की हक्क लागू. बघा मैत्रिणींनो, टिकून राहण्याला मोल आलं तेव्हा माणसं टिकली. मामंजींची तीस वर्षं त्यातली आहेत. त्यांचे कष्ट खरेच, पण त्यांच्या पाठीशी कायम नोकरी होती.

बायकांच्या वाट्याला मात्र ही कायम नोकरी फारशी आलीच नाही. 1920 च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यांत त्यांचंच राज्य. बाळंतपणाच्या रजेचा पगार मिळावा म्हणून 1928 मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात बोलले, आणि 1929 मध्ये तो कायदा झाला. पण नवी यंत्रं आली, रात्रपाळीला बायकांना बंदी होती, बाळंतपणाचा खर्च मालकांना नको होता. हळूहळू बायका गिरणीतून बाहेर पडत गेल्या.

बाहेर पडल्या म्हणजे बसून राहिल्या का? गावाकडच्या बायकांनी शेत, गुरं, म्हातारी माणसं सांभाळली, तेव्हा पुरुष मुंबईत तीस वर्षं राहू शकले. मुंबईतल्या बायकांनी खानावळी घातल्या, गावकीच्या खोलीत राहणाऱ्या माणसांना दोन वेळा जेवू घातलं. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या खानावळवाल्या बायकांसाठीच. बँकेचं कर्ज मिळावं, सावकार सुटावा म्हणून. आपल्या बचत गटांची ती थोरली बहीणच म्हणा. या बायकांचं इमान कुठल्या हजेरीपटावर लागलं नाही, ग्रॅच्युइटीचं तर नावच नको.

मग 18 जानेवारी 1982 उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लाखावर माणसांची नोकरी गेली. कितीतरी जण पत्र्याची पेटी घेऊन गावी परतले. जेवणारेच गेल्यावर खानावळीही बसल्या. पुढं गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, तिथं टॉवर आणि मॉल उभे राहिले. ज्यांच्या घरी हे घडलं, ती मुलं काय शिकली? सगळा जन्म एका दारात ठेवू नये, हेच.

आज आपली पोरगी एमआयडीसीत जाते. अकरा महिन्यांचा करार, मधे ठेकेदार, मालकाचं तोंडही तिनं बघितलेलं नाही. ती नव्या काळातली बदली कामगारच झाली. मुकादमाच्या जागी ठेकेदार आला, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र गिरणगावाकडं होती आणि तिच्याकडं नाही. तिथं कामाला अर्थ यायचा तो मालकामुळं नाही, तर सोबतच्या माणसांमुळं. गावकीची खोली, युनियन, भजनी मंडळ, गणपती, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्यासारखे शाहीर. संयुक्त महाराष्ट्रासाठी हीच माणसं रस्त्यावर उतरली. आपली पोरगी खोलीवर एकटी, कामाच्या लाइनवरही एकटी.

म्हणून यापुढं पोरीनं नोकरी सोडली, तर बोल लावायच्या आधी तिला एवढं विचारा. नेमणुकीचं पत्र मिळालं होतं का? पगाराची पावती मिळायची का? पीएफ कापत असतील तर तो खात्यात जमा झाला का? रात्रपाळीला आणायला-सोडायला गाडी होती का? अडचणीत कुणाशी बोलायची? उत्तरं ऐकून मग ठरवा, इमान कुणी मोडलं ते. आणि पुढच्या बैठकीला तिलाही घेऊन या. पीएफचा नंबर कसा तपासायचा, ते तीच आपल्याला दाखवील.