लोणावळ्याच्या रानातली प्रार्थना : पंडिता रमाबाईंचे आत्मसमर्पण

लोणावळे हे गाव रेल्वेने वाढवलेले. खंडाळा ते पुणे ही आगगाडी १८५८ साली सुरू झाली आणि बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. तो घाट फोडताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि अपघाताने मेले. गाडी धावू लागल्यावर मुंबईची माणसे हवा खायला इकडे येऊ लागली, बंगले उठले, शाळा निघाल्या, प्रार्थनामंदिरे उभी राहिली. उन्हाळ्यात या थंड जागी ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनासभा भरू लागल्या. अशाच एका सभेला, १८९६ च्या दुष्काळापूर्वीच्या दिवसांत, पुण्याहून पंडिता रमाबाई आल्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या आश्रमातल्या पंधरा मुली होत्या. एके दिवशी पहाटे बाई एकट्याच रानात गेल्या, सूर्य उगवताना पाहिला आणि तेथे त्यांनी देवाजवळ एक मागणे मागितले. त्या मागण्याविषयी आज बोलावयाचे आहे.

आम्ही हा विषय का निवडला, असे कोणी विचारील. आम्ही ख्रिस्ती नाही. आमचे घर वारकऱ्याचे आणि आमचे उभे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. आम्हास कॉलेजचे शिक्षण नाही. जे वाचले ते रात्रपाळीनंतर आणि संपाच्या मांडवात वाचले. परंतु 'स्वतःची इच्छा सोड आणि देवाची इच्छा धर' हा उपदेश आम्ही जन्मभर ऐकला आहे, आणि तो निरनिराळ्या तोंडांतून निरनिराळ्या हेतूने निघतो हेही पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी मावळातल्याच एका कारखान्याच्या दाराशी कंत्राटी कामगार पगारवाढीसाठी बसले होते. त्यांत बायाही होत्या. मालकांच्या वतीने एक गृहस्थ आले. बोलणे गोड. ते म्हणाले, "हाव सोडा. देवाने ज्याला जे दिले त्यात समाधान माना. त्याच्या इच्छेपुढे कोणाचे चालते?" तेव्हा पवन मावळातली एक बाई उठली आणि म्हणाली, "सायेब, देवाचा निरोप आमच्याच वाट्याचा कसा काय येतो? तुमच्या वाट्याचा कुठं आडलाय?" सगळे हसले, आणि आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. खरे समर्पण कोणते आणि समर्पणाच्या नावाने केलेली लूट कोणती, हे ओळखायचे कसे? रमाबाईंच्या चरित्रात आम्हास त्याचे उत्तर सापडले असे वाटते.

ज्याच्याजवळ काही असते त्यालाच ते सोडता येते. रमाबाईंजवळ काय होते? त्यांचा जन्म १८५८ सालच्या एप्रिलातला, सह्याद्रीच्याच रानातला, कर्नाटकातील गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवले, आणि आईने मुलीला. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर पायी हिंडले. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या सुमारास वडील, आई आणि बहीण अन्नावाचून गेली. उरलेली भावंडे चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तेथे पंडितांनी परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लवकरच भाऊ गेला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले. दोन वर्षे पुरी होण्याआधीच तेही गेले. मांडीवर मनोरमा. त्याच १८८२ साली त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात हे त्यांनी तेथे आग्रहाने मांडले.

स्वतः डॉक्टर व्हावे ही त्यांची मोठी उमेद होती. त्यासाठी १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येते म्हणून वैद्यकीचा मार्ग बंद झाला. ही पहिली इच्छा त्यांना सोडावी लागली, आणि ती काही त्यांनी राजीखुशीने सोडलेली नव्हे. पुष्कळांच्या आयुष्यात असेच होते. दार बंद होते, आणि मागाहून आपण त्याला देवाची इच्छा म्हणतो. रमाबाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत गेल्या, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्यामुळे तिकडे त्यांच्या कामासाठी दहा वर्षे मदत देणारी संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. विद्वत्ता, कीर्ती, परदेशचा पैसा आणि पुण्यातल्या थोरांचा आधार, एवढे सगळे त्यांच्याजवळ होते.

मग १८९३ साल उजाडले. शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे आश्वासन होते. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली जाऊन बसत. पुण्यात गहजब झाला. सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. येथे आम्ही दोन्ही बाजूंनी बोलू. मुलींना मी हाकलणार नाही हे बाईंचे म्हणणे खरे होते. आणि आम्ही विश्वासाने मुली पाठवल्या हे पालकांचे म्हणणेही खोटे नव्हते. दार उघडे ठेवायचे की लावून घ्यायचे, एवढाच प्रश्न होता. दार लावले असते तर मान राहिला असता. बाईंनी दार उघडे ठेवले आणि मान सोडला.

लोणावळ्याची पहाट येते ती यानंतर. बाईंनी आपल्या आठवणींत ती सांगून ठेवली आहे. रानात उगवता सूर्य पाहून अंधारात बसलेल्या माणसांची त्यांना आठवण झाली. बरोबर आलेल्या मुली पंधरा. त्यांनी देवाजवळ मागितले की या पंधरांचा वर्ग कर. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस! त्या वेळी सदनात पन्नासेक मुली होत्या आणि मदतीची दहा वर्षे संपत आली होती. व्यवहारी माणसाने हे मागणे वेडेपणाचे ठरवले असते.

आम्ही या मागण्यावर पुष्कळ विचार केला. ज्या बाईने आपली इच्छा देवाला दिली, तिने इतके मोठे मागणे मागावे, ही महत्त्वाकांक्षाच नव्हे काय? होय, आहे. परंतु हे मागणे मान्य झाले तर पदरात काय पडणार होते? दोनशे पंचवीस तोंडे, तितकीच अंथरुणे, तितकीच दुखणी. पदवी नव्हे, कीर्ती नव्हे. इच्छा मेलेली नव्हती. तिने फक्त धनी बदलला होता. आळशी माणसाची उदासीनता आणि समर्पण यांत हा फरक आहे. उदासीन माणूस कमी मागतो. समर्पित माणूस पुष्कळ मागतो, पण स्वतःच्या नावावर मागत नाही.

आणि मागणे अशा वाटेने पुरे झाले की मागणाऱ्यालाही भीती वाटावी. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. जिच्या आईबापांना दुष्काळाने नेले ती बाई स्वतः तेथे गेली आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आली. पुण्यात प्लेग होता, नव्या माणसांना गावात ठेवण्यास मनाई होती. तेव्हा याच लोहमार्गावर, पुण्याच्या पलीकडे केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उठल्या. १८९८ साली तेथे मुक्तीच्या इमारतीचा पाया घातला गेला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, तेलघाणा घातला, छापखाना काढला. मुली खिळे जुळवीत आणि यंत्र चालवीत. कामगाराच्या नजरेला हे फार मोठे वाटते. भिकेला लागलेल्या हाताला तेथे कसब मिळाले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. देवापुढे वाकलेली ही बाई माणसांपुढे वाकली काय? इंग्लंडात ज्या भगिनींनी तिला धर्म शिकवला त्यांनी पंथाचे म्हणणे निमूट मान असे सांगितले. रमाबाईंनी पत्रांमागून पत्रे लिहून वाद घातला. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणा धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करणार नाही असा त्यांचा सूर होता. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असा आक्षेप हिंदुस्थानातल्या बिशपांनी घेतला, तोही त्यांना रुचला नाही. १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात बायकांची कशी आबाळ होते हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहिले, आणि त्याचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतले नाही. म्हणजे ज्याने आपली इच्छा एकदा देवाला दिली, त्याच्याजवळ बिशपाला, सरकारला किंवा पुण्याच्या पंचांना द्यायला ती उरत नाही. समर्पणाने माणूस मऊ होतो असे लोक समजतात. रमाबाई आणखी ताठ झाल्या.

यावरून एक कसोटी हाती येते. ती आम्ही हिशेबाच्या भाषेत सांगतो, कारण आम्हास तीच भाषा येते. त्यागाची किंमत कोण भरतो आणि लाभ कोणाला होतो? या कसोटीचा सर्वात जुना दाखला आपल्या मावळच्याच नदीचा आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगवते आणि देहूवरून जाते. परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. पण ती सगळी नव्हेत! धाकट्या कान्होबाच्या वाटणीची खते त्यांनी त्याच्या हाती दिली, आणि बुडवली ती आपल्या वाटणीची. ही गोष्ट लोक विसरतात. दुसऱ्याच्या वाटणीची खते बुडवून कोणी संत होत नाही.

ही कसोटी मोठ्या माणसांनाही कठीण जाते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि पुढे साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यांचा त्याग खराच. पण १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी विचारल्यावाचून भरली. पुढची कित्येक वर्षे त्या नवऱ्यापासून तुटून राहिल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. तेव्हा कोठे खात्याची दोन्ही पाने जुळली.

रमाबाईंनाही हीच कसोटी लावली पाहिजे. दुष्काळातून आलेल्या मुली मुक्तीत ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. जिच्या पोटात अन्न नाही तिच्या निवडीला निवड म्हणावे काय? उपाशी कामगाराने करारावर उठवलेला अंगठा आम्ही पाहिला आहे. त्यामुळे हा प्रश्न आम्हास टाळता येत नाही, आणि बाईंवरील आदरापोटी तो झाकूही नये. एवढेच म्हणू की ज्यांनी त्या काळी हा आक्षेप घेतला त्यांच्यापैकी फार थोडे त्या मुलींना आणायला दुष्काळात गेले होते. आक्षेप खरा राहतो, आणि आक्षेप घेणाऱ्यांचे देणेही शिल्लक राहते.

बाईंची शेवटची वर्षे पाहा. जिने संस्कृताच्या बळावर पदव्या मिळवल्या तिने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि ते अडाणी बाईला कळावे म्हणून संस्कृत डौल बाजूला ठेवला. ज्या विद्येवर मान मिळाला तीच विद्या दारात काढून ठेवायची, हा त्याग पैशाच्या त्यागाहून अवघड आहे. आम्हासारख्या शाळा सुटलेल्या माणसाला त्याची किंमत अधिक कळते. मुक्तीचे काम पुढे मनोरमा चालवील अशी आईची आशा होती. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. तीही आशा सोडावी लागली. बाईंनी भाषांतराचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्तीचे काम केडगावला पुढेही चालू राहिले.

आज लोणावळ्याला सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लागते आणि मावळात कारखान्यांची. पहाटे कंपनीची बस पकडण्यासाठी पोरे रस्त्याच्या कडेला उभी असतात. प्रत्येकाच्या मनात काही उमेद आहे: कायम होण्याची, घर बांधण्याची, बहिणीला शिकवण्याची. ती सोडा असे आम्ही त्यांना सांगणार नाही, आणि कोणी सांगू लागला तर त्या पवन मावळच्या बाईचा प्रश्न त्याला विचारा असे सांगू. पण कधी एखाद्याच्या मनात आपणहून येईल की आपली खते आपण बुडवावीत. त्याने आधी वाटणी नीट पाहावी. कान्होबाची खते कान्होबाला द्यावीत. मग जे खरोखर आपले उरेल ते खुशाल नदीला द्यावे.