पहिली लोकसभा आणि अध्यक्षपदाची मर्यादा

स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेची पहिली बैठक 13 मे 1952 रोजीं भरली, आणि 4 एप्रिल 1957 रोजीं ती सभा विसर्जित झाली. ह्या अवधींत तिच्या 677 बैठकी झाल्या. हिंदु विवाहाचा कायदा (1955), अस्पृश्यतेच्या अपराधांविषयींचा कायदा (1955), हिंदु वारसाचा कायदा (1956) व राज्यपुनर्रचनेचा कायदा (1956) हीं तिचीं कृत्यें सर्वश्रुत आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून निराळा आहे. 489 निर्वाचित जागांपैकीं 364 जागा एकाच पक्षाच्या हातीं असतां त्या बहुमतास मर्यादा कोणीं घातली, कोणत्या साधनांनीं घातली, आणि ती कितपत टिकली, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

ह्याचें उत्तर शोधूं जातां पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर ह्यांच्या कार्याकडे वळावें लागतें. त्यांचें घराणें मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांत संगमेश्वराकडील. जन्म बडोद्याचा, 27 नोव्हेंबर 1888 चा. वकिली व सार्वजनिक कार्य अहमदाबादेचें. 1937 सालीं ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. 1946 च्या जानेवारींत मध्यवर्ती विधानसभेचें अध्यक्षपद त्यांस मिळालें, तें अवघ्या तीन मतांच्या आधिक्यानें. पुढें 15 मे 1952 रोजीं लोकसभेंत त्यांस 394 मतें पडलीं, व त्यांचे प्रतिस्पर्धी, शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे, ह्यांस 55. दोघेही मराठी भाषक, ही गोष्ट वाचकांस नोंदण्याजोगी वाटेल. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ह्या दोन निवडणुकींनीं अध्यक्षाच्या माथीं घातलेलें कर्तव्य एकच नव्हे. परकीय सत्तेखालीं त्यानें सरकारपासून सभेचें रक्षण करावयाचें होतें; आतां सभेचें रक्षण तिच्याच बहुमतापासून करावयाचें होतें.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं धर्माचीं प्रमाणें सांगतांना श्रुति आणि स्मृति ह्यांच्या जोडीस सदाचाराचीही गणना केली आहे. संसदेच्या बाबतींत राज्यघटना श्रुतीच्या स्थानीं मानिली, तर कामकाजाचे नियम ही स्मृति, आणि रूढ प्रघात हा सदाचार होय. श्रुति मावळंकरांस सिद्धच मिळाली होती. त्यांचें कार्य झालें तें उरलेल्या दोन क्षेत्रांत.

नियमांच्या क्षेत्रांतील त्यांचें मुख्य साधन म्हणजे समित्या. अंदाज समिति 1950 सालींच स्थापन झाली होती. 1952 सालीं कामकाज सल्लागार समिति आली, व कोणत्या विषयास किती वेळ द्यावयाचा हें सर्व पक्षांच्या सभासदांनीं मिळून ठरवावें अशी सोय झाली. 1953 सालीं आणखी दोन समित्या निघाल्या. मंत्र्यांनीं सभागृहांत दिलेलीं आश्वासनें पाळलीं जातात कीं नाहीं हें एकीनें पाहावयाचें. कायद्यानें दिलेल्या अधिकारान्वयें सरकार जे नियम करतें ते त्या अधिकाराच्या कक्षेंत आहेत कीं नाहींत हें दुसरीनें तपासावयाचें. मतदानाच्या वेळीं अल्पमताचा पराभव ठरलेलाच असतो. समितींत मात्र एका सभासदाच्या नेमक्या प्रश्नासही उत्तर द्यावें लागतें.

तथापि मावळंकरांचे सर्वच निर्णय विरोधकांस अनुकूल होते असें नाहीं. तहकुबीच्या सूचना ते क्वचितच स्वीकारीत. परकीय सरकार सभेस जबाबदार नसल्यामुळें त्या काळीं तें हत्यार योग्य होतें. जबाबदार राज्यपद्धतींत सभासदांस इतर अनेक मार्ग खुले आहेत, असें त्यांचें म्हणणें होतें. तसेंच, ज्या पक्षाची संख्या गणपूर्तीइतकी, म्हणजे सभेच्या एकदशांश नाहीं, त्यास अधिकृत विरोधी पक्षाची मान्यता त्यांनीं दिली नाहीं. साम्यवादी पक्षाचे सभासद त्या वेळीं अवघे 16 होते. फल असें झालें कीं लोकसभेस मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता 1969 पर्यंत लाभला नाहीं. विरोधी पक्ष विस्कळित असतांना त्यांचें म्हणणें ऐकलें जाण्याची सोय ह्या नियमानें वाढली असें म्हणतां येत नाहीं.

हा असंतोष 18 डिसेंबर 1954 रोजीं प्रकट झाला. अध्यक्ष निःपक्षपाती राहिले नाहींत, सबब त्यांस पदावरून दूर करावें, असा ठराव त्या दिवशीं चर्चेस आला. घटनेच्या 96 व्या अनुच्छेदान्वयें मावळंकर आसनावर बसूं शकत नव्हते. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार ह्यांनीं सभा चालविली. पंतप्रधान नेहरू ह्यांनीं हा पक्षाचा प्रश्न नव्हे असें सांगून, पक्षादेश विसरून मत द्यावें असें आपल्या सभासदांस विनविलें. ठराव फेटाळला गेला. पण अध्यक्षावर उघड सभेंत आरोप करतां येतो, आणि तो ऐकून घेण्यानें आसनाची प्रतिष्ठा उणावत नाहीं, हा प्रघात त्या दिवशीं पडला.

मावळंकरांच्या दृष्टीची खरी कसोटी मात्र वटहुकुमांच्या प्रकरणांत लागते. सभेचें अधिवेशन चालू नसतांना वटहुकूम काढण्याचा अधिकार 123 व्या अनुच्छेदानें राष्ट्रपतीस, म्हणजे व्यवहारतः मंत्रिमंडळास, दिला आहे. हा मार्ग लोकशाहीशीं विसंगत असून अत्यंत निकड असल्यावांचून त्याचा अवलंब होऊं नये, असें त्यांनीं 1954 च्या जुलैमध्यें नेहरूंस लेखी कळविलें. ज्या पक्षाच्या पाठिंब्यानें ते निवडून आले, त्याच पक्षाच्या नेत्यास लिहिलेलें हें पत्र आहे. निकड खरी असूं शकते हेंही मान्य केलें पाहिजे; 19 जानेवारी 1956 रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांनीं विमा कंपन्यांचा कारभार वटहुकुमानेंच ताब्यांत घेतला, कारण आगाऊ वाच्यता झाली असती तर पैसा इतरत्र वळविला जाण्याची भीति होती. पुढील महिन्यांत, 27 फेब्रुवारीस, मावळंकर निवर्तले.

त्यांच्या पश्चात् ह्या प्रघाताचें काय झालें, हें पुण्याच्याच एका संशोधकानें उजेडांत आणिलें. बिहारांत 1967 ते 1981 ह्या काळांत 256 वटहुकूम काढून ते पुनःपुन्हां जारी करण्यांत आले, असें गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. डी. सी. वाधवा ह्यांनीं दाखवून दिलें. सर्वोच्च न्यायालयानें 1986 सालीं ह्या रीतीस घटनेची फसवणूक ठरविलें, व 2017 सालीं वटहुकूम विधिमंडळापुढें ठेवणें बंधनकारक असल्याचा निर्णय दिला.

म्हणजे जें सदाचारानें व्हावें अशी मावळंकरांची इच्छा होती, तें अंशतः न्यायालयाच्या निर्णयानें करावें लागलें. अंशतः म्हणण्याचें कारण असें कीं, तोच वटहुकूम पुन्हां काढण्यास ह्या निर्णयांनीं आळा बसला; पहिला वटहुकूम काढण्याजोगी निकड खरोखर आहे काय, हें ठरविणें अद्याप मुख्यतः मंत्रिमंडळाच्या विवेकावर राहिलें आहे. तेवढ्यापुरतें तरी 1954 चें तें पत्र अजून उत्तराची वाट पाहत आहे.