वर राहायचं की तळ गाठायचा? : चिखलातल्या चाकाचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासावरच्या या व्याख्यानमालेत आज आपण एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे वळतो आहोत. ट्रॅक्टर चिखलात रुतला, तर दोष कोणाचा? चाकाचा की जमिनीचा?

हा देखावा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. जुलै महिना, बांधाशेजारी ट्रॅक्टर अडकलाय, मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरतंय, चिखल उडतोय आणि भोवती जमलेले दहाजण दहा सल्ले देतायत. एकजण म्हणतो, मागे वजन वाढवा. दुसरा म्हणतो, चाकाखाली फांद्या टाका, पोती टाका. गंमत अशी, की या दोन सल्ल्यांमध्ये शेदीडशे वर्षांची सगळी अभियांत्रिकी सामावलेली आहे. पण चिखलात त्यातला एकच खरा उपयोगी पडतो. कोणता आणि का, हे आधी समजून घेऊ. मग इतिहास सोपा जाईल.

ट्रॅक्टर पुढे जातो म्हणजे काय होतं? चाक मातीला मागे ढकलतं. माती जागेवरून हलली नाही, तर ट्रॅक्टर पुढे जातो. माती तुटून मागे सरकली, तर चाक नुसतं फिरत राहतं. म्हणजे ओढण्याची ताकद इंजिनात कितीही असो, शेवटची परवानगी माती देते. माती किती जोर सहन करेल याचा विचार शार्ल कुलोम या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने केला होता. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्याचं काम त्याने पाहिलं होतं आणि १७७३मध्ये त्याने आपला निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. त्याच्या डोक्यात ट्रॅक्टर नव्हता, मातीच्या भाराखाली उभ्या राहणाऱ्या भिंती होत्या. त्याचं म्हणणं असं, की मातीची ताकद दोन गोष्टींतून येते. एक, कणाकणांमधलं घर्षण. वरून वजन वाढलं की हे वाढतं. दुसरा, मातीचा अंगचा चिकटपणा. हा वजनाने वाढत नाही. किती क्षेत्रफळावरची माती पकडली आहे, यावर तो अवलंबून असतो.

आता चिखल आठवा. पाण्याने भरलेल्या चिकणमातीत वरून टाकलेलं वजन कणांवर न पडता मधल्या पाण्यावर पडतं. घर्षण जवळजवळ संपतं, उरतो तो चिकटपणा. त्यामुळे अशा चिखलात वजन वाढवलं तर पकड वाढत नाही, चाक फक्त आणखी खाली जातं. कोरड्या, वाळूमिश्रित जमिनीत वजन कामाला येतं. चिखलात कामाला येतं ते क्षेत्रफळ. फांद्या-पोती सांगणारा माणूस बरोबर असतो.

मग चिखलात चालण्याचे दोनच मार्ग उरतात. एक, क्षेत्रफळ वाढवून वरच राहायचं. दुसरा, चिखल भेदून खालचा घट्ट थर गाठायचा. आजचं आपलं व्याख्यान या दोन मार्गांचं आहे.

वर राहण्याचा मार्ग

पहिल्या मार्गासाठी आपल्याला कॅलिफोर्नियात स्टॉकटन गावी जायला हवं. सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या नद्या जिथे एकत्र येतात तिथे मोठी दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे बांध घातले गेले, पाणी काढलं गेलं आणि बेटाबेटांवर शेती सुरू झाली. सुरुवातीचे बांध घालण्यात चिनी मजुरांचे कष्ट मोठे होते. माती कसली? हजारो वर्षं कुजलेल्या लव्हाळ्यांची. काळी, हलकी, स्पंजासारखी. तिच्यावर घोडेसुद्धा रुतत, म्हणून त्यांच्या खुरांना रुंद जोडे बांधत असत. घोड्याची ही गत, तर कित्येक टनांच्या वाफेच्या इंजिनाचं काय होणार?

बेंजामिन होल्ट हा तिथला कारखानदार. त्याने आधी सरळ उपाय केला, चाकं रुंद केली. मग आणखी रुंद केली. शेवटी प्रत्येक बाजूला सहा-सहा फूट रुंदीची तीन चाकं लावलेलं एक यंत्र तयार झालं. त्याची एकूण रुंदी ४६ फूट! असं धूड वळवायचं कसं आणि अरुंद वाटेने न्यायचं कसं? शिवाय रुंद चाकाची आणखी एक अडचण असते. ते जेवढं रुंद, तेवढी पुढची माती त्याला दाबत, ढकलत जावं लागतं. इंजिनाचा बराच जोर त्यातच खर्च होतो.

इथे होल्टने विचाराची दिशा बदलली. क्षेत्रफळ हवं आहे ना? मग ते आडवं कशाला, लांबीत वाढवू. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी स्टॉकटनजवळच्या रॉबर्ट्स बेटावर त्याने आपल्या इंजिनाची मागची चाकं काढून तिथे लाकडी पट्ट्या ठोकलेली अखंड साखळी बसवली आणि ते चालवून पाहिलं. यंत्र जणू आपला रस्ता स्वतःच पुढे अंथरत आणि मागून गुंडाळत निघालं. पाहणाऱ्याला ते सुरवंटासारखं वाटलं, आणि सुरवंटाचा इंग्रजी शब्द, ‘कॅटरपिलर’, हेच १९१०मध्ये त्याचं नोंदणीकृत नाव झालं.

होल्ट एकटा होता असं समजू नका. इंग्लंडमध्ये जेम्स बॉयडेलने १८४६मध्येच चाकाभोवती फळ्या लावून ‘स्वतःचा रूळ स्वतः टाकणारी’ गाडी पेटंट केली होती. अमेरिकेत मेन राज्यात ॲल्विन लोंबार्डची पट्ट्यांवर चालणारी यंत्रं बर्फातून लाकडाचे ओंडके ओढत होती. ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीत डेव्हिड रॉबर्ट्स साखळीवरच काम करत होता. गरज पडली की एकच कल्पना चार ठिकाणी उगवते, हे आपण या मालिकेत आधीही पाहिलंय. पहिल्या महायुद्धात होल्टचे ट्रॅक्टर तोफा ओढू लागले आणि १९१६मध्ये अशाच साखळीवर रणगाडा रणांगणात उतरला.

हवेवर चालणारा ट्रॅक्टर

साखळी चांगली, पण महाग आणि संथ. सामान्य शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला लोखंडी चाकंच राहिली, वर लोखंडी दात असलेली. दात मातीत घुसायचे हे खरं, पण चाक खड्डा पाडायचं आणि त्याच खड्ड्यातून वर चढायची धडपड करत राहायचं. इंधन त्यात जायचं.

१९३२मध्ये अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोनच्या मदतीने ट्रॅक्टरला हवेचे टायर बसवले. सुरुवातीच्या प्रयोगात तर विमानाचे टायर वापरले होते. शेतकऱ्यांना पटेना. रबर शेतात टिकेल का, पंक्चर झालं तर? मग कंपनीने चक्क ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९३३मध्ये बार्नी ओल्डफील्ड या नामांकित शर्यतपटूने ताशी ६४ मैलांनी ट्रॅक्टर पळवून दाखवला. जाहिरात झाली. पण आपल्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. टायरमध्ये हवेचा दाब जेवढा, साधारण तेवढाच दाब टायर मऊ जमिनीवर देतो. ट्रॅक्टरच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला १२ ते १५ पौंड हवा ठेवली, की भार पसरतो, टायर बसका होतो आणि जमिनीवरचा त्याचा ठसा लांब होतो. म्हणजे तीच होल्टची युक्ती, फक्त रबरात! आपल्याकडे लाकडी चाकाच्या बैलगाडीची टायरगाडी झाली, तेव्हा बैलांचा भार हलका झाला तो याच कारणाने.

टायरवरच्या तिरक्या रबरी दातांनाही कारण आहे. त्यांचं टोक मधोमध असतं आणि ते जमिनीला आधी टेकायला हवं. तसं झालं की चिखल दोन्ही बाजूंना ढकलला जातो आणि दात मोकळे राहतात. टायर उलटा बसवला की चिखल मध्ये साचतो, दात भरून जातात आणि चाक गुळगुळीत गोळा होऊन बसतं. भातशेतीसाठी म्हणून जे टायर येतात, त्यांचे दात नेहमीच्या जवळपास दुप्पट उंच असतात.

तळ गाठण्याचा मार्ग

आता दुसरा मार्ग. हा आशियातल्या भातखाचरांचा. खाचरात आपण मुद्दाम चिखल करतो. चिखलणी म्हणजे मातीची रचना मोडून पाणी मुरू न देणारा थर तयार करणं. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने साधारण वीतभर खाली घट्ट तळ तयार होतो. मग वर तरंगायचं कशाला? चिखलातून आरपार जाऊन त्या तळावरच पाय रोवावा. केज व्हील नेमकं हेच करतं. पिंजऱ्यासारखं लोखंडी चाक, मध्ये पूर्ण मोकळं, कडेला आडव्या पट्ट्या. चिखल त्यातून आरपार निघून जातो, पट्ट्या तळापर्यंत पोचतात, आणि चाक चालता चालता चिखलणीही करून टाकतं. कोकणातल्या पॉवर टिलरला पावसाळ्यात लावतात ते हेच. पण हेच चाक डांबरी रस्त्यावर चढवलं की रस्ता उखडतो.

जिथे असा तळ हाताशी नसतो, तिथे केज व्हीलही बुडतं. फिलिपीन्समध्ये अशा खोल खाचरांसाठी होडीसारख्या तळाचा टिलर वापरतात. भार पेलते होडी, ढकलायचं काम करतं पिंजऱ्याचं चाक. म्हणजे दोन्ही मार्ग एकाच यंत्रात.

किंमत कोण मोजतं?

पहिली किंमत माणसाची. १९१७पासून आलेला फोर्डसन ट्रॅक्टर अवजार अडकलं की मागे उलटण्यासाठी कुप्रसिद्ध होता. चाक फिरू शकलं नाही, तर इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं धूडच चाकाभोवती फिरवतो. पुढची चाकं उचलली जातात आणि चालवणाऱ्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची जोडणी या धोक्यावरचं मोठं उत्तर ठरली. तिच्यामुळे अवजार अडकलं तर ट्रॅक्टरचं नाक खाली दाबलं जातं. पण ट्रॅक्टरच रुतलेला असताना मागच्या चाकाला ओंडका बांधून बाहेर काढायचा प्रयत्न केला, तर कोणतीही जोडणी वाचवत नाही. स्वीडनने १९५९मध्ये नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढे अनेक देशांनी तेच केलं. म्हणून आमची हात जोडून विनंती, रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला लाकूड बांधू नका आणि वजनासाठी माणसं मागे उभी करू नका.

दुसरी किंमत जमिनीची. चाक रुतेनासं झालं, की यंत्र जड करायला आपण मोकळे होतो. थॉमस केलर आणि दानी ऑर यांच्या २०२२च्या अभ्यासानुसार, भरलेल्या कापणी यंत्राचं वजन १९५८मध्ये सुमारे ४ टन होतं, ते २०२०मध्ये ३६ टनांवर गेलं. टायर मोठे झाल्याने वरच्या थरावरचा दाब फारसा वाढला नाही. पण खोलवर पोचतो तो एकूण भार. तिथे माती दबते, मुळं आणि पाणी अडतं, आणि वरून काहीच दिसत नाही. यंत्र रुतलं असतं तर निदान कळलं तरी असतं!

श्रोत्यांकडून आलेला एक प्रश्न

‘आमची काळी जमीन आहे. पावसात कोणती चाकं लावावीत?’

प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर आपल्याच भाषेत आहे. वाफसा. पाऊस पडून गेल्यावर माती ना चिकट ना कोरडी, अशी कामाजोगी होईपर्यंत थांबणं. कुलोमच्या भाषेत सांगायचं, तर मधलं पाणी उतरून कण पुन्हा एकमेकांना टेकेपर्यंत थांबणं. आमच्या वाडवडिलांनी गणित मांडलं नव्हतं, पण मूठभर माती दाबून ते हे ओळखत. अडचण आज वेगळी आहे. ट्रॅक्टर भाड्याचा असतो, त्याच्यामागे दहा शेतं रांगेत असतात, आणि तो वाफशाची वाट बघत नाही. चांगलं चाक असलं, की ओल्या रानातही तो जाऊ शकतो, म्हणून तो जातो. खाचरात चिखल हवाच असतो, तिथे केज व्हील लावा. आधी पहारीने तळ किती खोल आहे ते बघून घ्या. काळ्या रानात मात्र चाक बदलण्याआधी दिवस बदलता येतो का, ते पाहा. ट्रॅक्टरवाल्याला दोन दिवस उशिरा बोलावणं हे गावातल्या चार जणांनी मिळून ठरवलं तरच जमतं, हेही आम्हाला ठाऊक आहे. पण रांग लावायचीच असेल, तर ज्याच्या रानाला आधी वाफसा येतो त्याचा नंबर आधी, एवढं तरी ठरवता येईल.

आज इथे थांबू.