टूलचे वर्णन : कागदी पट्टीपासून एआय एजंटपर्यंत

या पाठात आपण एका लहानशा मजकुराचा इतिहास पाहणार आहोत. एआय एजंट एखादे टूल एपीआयमार्फत वापरतो तेव्हा त्याला त्यामागचा कोड सहसा दिसत नाही. टूलचे नाव, काही ओळींचे वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी, एवढेच त्याच्यापुढे असते. त्यावरून तो टूल निवडतो व रकाने भरतो. प्रत्यक्ष काम दुसरा प्रोग्रॅम करतो आणि उत्तर एजंटकडे परत येते. वर्णन मोघम असेल तर एजंट थांबून विचारेलच असे नाही. पुष्कळदा तो अंदाजाने रकाना भरून पुढे जातो. टूल पैसे पाठवणारे किंवा नोंदी पुसणारे असेल, तर हा अंदाज महागात पडतो.

१. सुरुवात

हा प्रश्न एआयपेक्षा बराच जुना आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक सुरू झाला. पुन्हा पुन्हा लागणारे प्रोग्रॅमचे तुकडे कागदी पट्टीवर छिद्रे पाडून जपले जात आणि त्यांचे एक ग्रंथालयच तयार झाले. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ च्या पुस्तकात ही पद्धत मांडली. डेव्हिड व्हीलर यांनी १९५२ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. तुकडा लिहून तपासला तरी काम संपत नाही. आतली रचना ठाऊक नसलेल्याला तो वापरता यावा असे वर्णन लिहायचे राहते, आणि कदाचित तेच सर्वांत अवघड असते.

पुढे १९७१ मध्ये युनिक्सची पहिली नियमपुस्तिका आली. तीत प्रत्येक आज्ञेची माहिती ठरावीक शीर्षकांखाली दिली होती. ज्ञात दोषांसाठीही वेगळी जागा होती. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी आग्रह धरला, की वापरणाऱ्याला लागेल तेवढे सगळे सांगावे आणि त्यापलीकडे काही सांगू नये.

२. वाचक बदलला

वेबच्या काळात एपीआयची वर्णने यंत्राला वाचता येतील अशा साच्यात लिहिली जाऊ लागली. २०११ मध्ये स्वॅगर आले. पुढे तेच ओपनएपीआय या नावाने प्रमाण झाले. तरी वर्णनातील वाक्ये वाचून अर्थ लावणारा माणूसच होता. शंका आली तर तो शेजारच्याला विचारी किंवा करून पाही. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या एपीआयमध्ये फंक्शन कॉलिंगची सोय दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. आता ती वाक्ये भाषा-मॉडेल वाचते आणि लगेच कृती करते.

३. रायपूरचे उदाहरण

समजा, तुम्ही तेलीबांध्यात राहता आणि छत्तीसगडच्या मराठा काळावर प्रकल्प करता. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुराहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. त्या काळची मराठी कागदपत्रे शोधणारे एक काल्पनिक टूल घेऊ. त्याचे वर्णन एवढेच आहे : ‘वर्षावरून कागद शोधते. रकाना : वर्ष.’

कागदावर ११६० हा आकडा आहे. तो शुहूर सन असेल तर इसवी सन १७५९–६० येते, म्हणजे कागद बिंबाजींच्या काळातला. दख्खनी फसली असेल तर १७५०–५१ येते, म्हणजे त्यांच्या आधीचा. एका आकड्याने नऊ वर्षांचा फरक पडतो आणि राज्यकर्ताच बदलतो. जाणता अभ्यासक कागदातला इतर मजकूर पाहून सन ओळखेल. एजंटला मात्र वर्णनात सांगितले नसेल, तर सन विचारायला हवा हेच सुचणार नाही.

सुधारलेले वर्णन असे : ‘मराठी कागदपत्रांच्या सूचीत वर्षावरून शोध घेते, मूळ कागदाची प्रतिमा देत नाही. वर्ष इसवी सनात, चार अंकी द्यावे, उदा. १७५९. शुहूर वा फसली सन असेल तर आधी रूपांतर करावे. कोणता सन हे स्पष्ट नसेल तर वापरकर्त्याला विचारावे, अंदाज करू नये. नोंद न सापडल्यास रिकामी यादी मिळते. कागद अस्तित्वातच नाही असा तिचा अर्थ नाही.’

यात पाच गोष्टी आल्या : टूल काय करते, काय करत नाही, रकान्याचे एकक व नमुना, शंका आल्यास काय करावे, आणि उत्तराचा अर्थ. शेवटची गोष्ट पुष्कळदा राहून जाते. मग एजंट रिकाम्या यादीवरून ‘असा कागदच नाही’ असे ठामपणे सांगतो आणि ते वाक्य थेट तुमच्या प्रकल्पात उतरते.

थोडक्यात, व्हीलर यांनी सांगितलेले अवघड काम आजही शिल्लक आहे. वर्णन हा टूलचाच भाग आहे. ते तपासल्याशिवाय टूल तपासले असे म्हणता येणार नाही.

स्वाध्याय

१. तेलीबांधा हे रायपूर–धमतरी नॅरोगेज मार्गावरचे स्थानक होते. रायपूर शहरातील त्या मार्गाच्या जागी आता एक्स्प्रेसवे आहे. स्थानकाच्या नावावरून गाडी शोधणाऱ्या टूलचे असे वर्णन लिहा, की एजंट बंद झालेल्या स्थानकाऐवजी दुसरे स्थानक परस्पर निवडणार नाही.

२. तुमचे वर्णन मित्राला द्या. तुम्हाला काहीही न विचारता त्याला रकाने भरता येतात का, ते पाहा. तो जिथे अडेल, तिथले वाक्य पुन्हा लिहा.