स्पेनमधला कैदी आणि आपले ‘आप्त’

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. ऑनलाइन प्रेमाच्या नावानं चालणारी फसवणूक ही इंटरनेटची देणगी का, असा प्रश्न होता. नाही. इंटरनेटनं फक्त टपालखर्च वाचवला.

पॅरिसचा व्हिदोक आधी गुन्हेगार होता, मग पोलिसांच्या गुप्त शाखेचा प्रमुख झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यानं तुरुंगातून लिहिल्या जाणाऱ्या पत्रांची हकीकत नोंदवली आहे. पत्र लिहिणारा म्हणे एका उमरावाचा नोकर. क्रांतीच्या धामधुमीत पळताना ऐवजाची पेटी पाण्यात टाकावी लागली, ती परत मिळवायला थोडी मदत हवी. व्हिदोक सांगतो की शंभरातल्या वीस पत्रांना उत्तर यायचंच.

पुढे हाच प्रकार ‘स्पॅनिश प्रिझनर’ म्हणून गाजला. १८९८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्याचं वर्णन छापलं. पातळ निळा कागद, बऱ्यापैकी शिकलेल्या परदेशी माणसाचं इंग्रजी, मधूनच एखादं स्पेलिंग चुकलेलं. कैदी राजकीय गुन्ह्यात अडकलेला, कुठेतरी लपवलेली मोठी रक्कम, आणि मागे राहणारी तरुण मुलगी. तुमचं नाव एका समाईक स्नेह्यानं सुचवलं, पण सावधगिरी म्हणून त्या स्नेह्याचं नाव कळवता येत नाही!

त्या मुलीकडे लक्ष द्या. गोष्टीच्या काही रूपांत तिच्याशी लग्नाची आशाही दाखवलेली असे. पैशाचा लोभ माणसाला सावध करतो, पण एखाद्या मुलीला आपला आधार हवाय म्हटलं की आपण स्वतःला लोभी समजतच नाही, भले समजतो.

आता आजचं बघा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ साली जवळजवळ ७०,००० लोकांनी प्रेमातल्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या. नुकसान १.३ अब्ज डॉलरचं. तक्रारींत आढळलेल्या थापांत पहिला नंबर कशाचा? ‘मी किंवा माझं जवळचं माणूस आजारी आहे, जखमी आहे किंवा तुरुंगात आहे.’ तुरुंग अजून तिथेच आहे!

बाकीच्या खुणाही जुन्याच. भेट ठरते आणि मोडते. ‘घरी इतक्यात सांगू नकोस.’ प्रत्येक अडचण तातडीची, आणि प्रत्येक अडचणीला एक रक्कम चिकटलेली. पंचाईत अशी की गुप्तता, घाई, विरह, त्याग ही खऱ्या प्रेमाचीही लक्षणं आहेत, त्यामुळे नुसत्या याद्या पाठ करून फार निभत नाही. प्रेमात अडचणी येतातच. पण पैसे पाठवले की अडचण सुटते, भेट मात्र होत नाही आणि लगेच नवी अडचण उभी राहते, असं दोनदा झालं की थांबावं.

आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण शब्द आप्ताचा हवा. आप्त म्हणजे ज्यानं वस्तू स्वतः पाहिली आहे आणि पाहिली तशीच जो सांगू इच्छितो, तो. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातलग, जवळचं माणूस. ठकाचा सगळा धंदा या दोन अर्थांच्या मधल्या फटीत चालतो. तो आधी जवळचा होतो, मग आपण त्याला खरा धरतो.

माझे एक जुने सहकारी आहेत, त्यांच्या परवानगीनंच सांगतो. विधुर. तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. परदेशातल्या एका बाईंशी चार महिने लिहिणं-बोलणं झालं. मग भेटवस्तूंचं पार्सल आलं, ते कस्टममध्ये अडकलं, त्याची फी, मग दंड, मग आणखी कसलंसं सर्टिफिकेट. पावती खरी आहे का, म्हणून त्यांनी फोनही केला. कुठे? तर त्याच पावतीवर छापलेल्या नंबरवर!

मी म्हटलं, “अहो, हा तर अन्योन्याश्रय दोष. पोरांना तुम्हीच शिकवायचात ना?”

“शिकवायचो,” ते म्हणाले. “पण सर, सकाळी सातला ‘चहा झाला का’ असं विचारणारं दुसरं कोण होतं?”

सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. लगेच फोन केला तर कधीकधी पैसे वाटेतच अडवता येतात. त्यांनी पाच महिन्यांनी केला. मुलाला कळेल, ही भीती होती.